प्रदर्शनातल्या खुर्चीला किंमतीची चिठ्ठी लावा: फिलिपिन्सकडून काय घ्यायचं आणि काय नाही



आपल्या चॅनेलवर 'जगातले छोटे धंदे' या मालिकेत फिलिपिन्सच्या फर्निचरवरचा भाग आला आणि कमेंटमध्ये दोन तट पडले. एक तट म्हणतो, "सर, कॉलेजच्या पोरांनी भरवलेल्या प्रदर्शनातून कधी धंदा होतो का? चार दिवस फोटो काढतात आणि विसरतात." दुसरा तट म्हणतो, "भारी आहे सर, आपल्याकडे पण असं व्हायला पाहिजे." माझं मत या दोघांच्या मधलं आहे, आणि बारा मिनिटांच्या व्हिडिओत ते नीट सांगता आलं नाही. म्हणून हा लेख. जरा मोठा आहे, पण फर्निचर, फर्निशिंग, गिफ्ट, हस्तकला यातलं काहीही करायचं डोक्यात असेल तर शेवटपर्यंत वाचा. मधे माझी स्वतःची एक महागात पडलेली चूकही सांगणार आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विद्यार्थ्यांचं इंटिरियर प्रदर्शन ही धंद्याची सगळ्यात स्वस्त तालीम आहे. पण ज्या प्रदर्शनात वस्तूला किंमतीची चिठ्ठी नाही आणि बनवणाऱ्याचं नाव नाही, ती तालीम अर्धवट आहे.

मनिलात पोरं काय करतात?

फिलिपिन्समध्ये इंटिरियर डिझायनर हे पद कायद्याने बांधलेलं आहे. १९९८ मध्ये त्यांनी त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, २०१२ मध्ये तो नव्याने केला. पदवी घ्यायची, मग सरकारी परीक्षा द्यायची, लायसन्स मिळवायचं, त्यानंतरच स्वतःला इंटिरियर डिझायनर म्हणवून घ्यायचं. आपल्याकडे आर्किटेक्टला १९७२ च्या कायद्याचं संरक्षण आहे, इंटिरियरवाल्यांसाठी तसा कायदा नाही. आपल्याकडे कोणीही व्हिजिटिंग कार्ड छापलं की झाला डिझायनर. हे चांगलं की वाईट यावर वेगळा व्हिडिओ करू.

तर मनिला परिसरात हे शिकवणाऱ्या बऱ्याच संस्था आहेत. युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्स आहे, सांतो तोमास विद्यापीठ आहे. आणि फक्त इंटिरियर शिकवणारी एक जुनी संस्था आहे, फिलिपिन स्कूल ऑफ इंटिरियर डिझाईन. १९६७ मध्ये एडिथ ओलिव्हेरोस या बाईंनी ती सुरू केली. या संस्थेच्या शेवटच्या टप्प्यातल्या विद्यार्थ्यांचं दरवर्षीचं प्रदर्शन तिथे चांगलंच प्रसिद्ध आहे.

आता प्रदर्शन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? भिंतीवर चिकटवलेले ड्रॉइंगचे कागद आणि टेबलावर थर्माकोलचं मॉडेल. तिथे तसं नसतं. पोरांचे गट पडतात, प्रत्येक गटाला जागा आणि विषय मिळतो, आणि त्या जागेत त्यांनी खरीखुरी खोली उभी करायची. भिंत खरी, फरशी खरी, दिवे खरे, खुर्ची खरी. तुम्ही आत जाऊन उभे राहू शकता. फरशीवाल्यांकडून फरशी, रंगवाल्यांकडून रंग, दिवेवाल्यांकडून दिवे हे सगळं पोरांनी कंपन्यांच्या मागे लागून मिळवायचं असतं. अशी प्रदर्शनं मॉलसारख्या जागी भरली की बघायला फक्त पालक आणि प्राध्यापक येत नाहीत, रस्त्यावरचं पब्लिक येतं.

आणि या खोल्यांमध्ये आपल्या मातीतलं काहीतरी घालायची तिथे रीतच पडली आहे. कुठे सोलिहिया, म्हणजे वेताची विणलेली जाळी. कुठे कापिस, म्हणजे शिंपल्याचे पातळ पारदर्शक तुकडे बसवलेली खिडकी. कुठे समर बेटावरच्या बासे गावची बानिग चटई, कुठे अबाकाचा दोर.

गोव्यातल्या वाचकांनी आता हसू नये. कारण ही शिंपल्याची खिडकी तुमच्या जुन्या घरांत आहे. मनिलात स्पॅनिश लोकांच्या काळात काचेऐवजी शिंपले लागले, गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात लागले. शिंपलाही तोच. फरक एवढाच की तिथे त्याच शिंपल्याचे दिवे, झुंबरं, ट्रे करून जगाला विकले, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खिडकी मोडली की तिथे काच बसवली.

सेबूची गोष्ट आधी समजून घ्या

या पोरांच्या मागे एक तयार उद्योग उभा आहे, तो कळल्याशिवाय प्रदर्शनाचा अर्थ लागत नाही.

सेबू हे फिलिपिन्सच्या मध्यभागातलं बेट. सेबू शहर आणि त्याला चिकटलेलं मांदावे शहर हा फर्निचरचा पट्टा. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे वेताच्या फर्निचरचे कारखाने वाढले आणि माल अमेरिकेत जाऊ लागला. बरेच दिवस पद्धत अशी होती की परदेशी खरेदीदार चित्र पाठवणार, सेबूचा कारागीर खुर्ची बनवणार, आणि खुर्चीवर नाव त्या खरेदीदाराचं लागणार. आपल्याकडे याला जॉबवर्क म्हणतात. काम आहे, पगार आहे, नाव नाही. आणि दुसरा कोणी दोन रुपये कमी घेणारा भेटला की गिऱ्हाईक गेलं. पुढे चीन आणि व्हिएतनाम स्वस्तात बनवायला लागल्यावर नेमकं हेच झालं. २००८ च्या अमेरिकेतल्या मंदीत तर सेबूच्या अनेक कारखान्यांना मोठा दणका बसला.

याच गावातला केनेथ कोबोनप्वे हा माणूस बघा. जन्म १९६८ चा. आई बेटी कोबोनप्वे डिझायनर. १९७२ मध्ये त्यांनी फर्निचरचा कारखाना सुरू केला आणि वेतावर स्वतः नवनवे प्रयोग केले. मुलगा न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये इंडस्ट्रियल डिझाईन शिकला, युरोपात अनुभव घेतला आणि १९९६ मध्ये परत सेबूला आला. आल्यावर त्याने काय केलं? नवी मशीन टाकली का? नाही. आईच्याच कारखान्यातला वेत, अबाका, तिथलेच विणकर आणि तिथलेच हात घेतले, आणि आकार बदलला. त्याची 'योडा' खुर्ची बघा. पाठीला वेताच्या लांब काड्या तशाच उभ्या सोडल्या आहेत, गवत उगवल्यासारख्या. 'ब्लूम' खुर्ची म्हणजे उमललेलं फूल. २०११ मध्ये तर त्याने वेत आणि बांबूची गाडी करून दाखवली. रस्त्यावर विकायला नव्हे, आमच्या हातात काय आहे हे जगाला दाखवायला.

तो एकटा नाही. इतो किश या डिझायनरने जुन्या फिलिपिनो घरांच्या कठड्याचे लाकडी खांब असतात ना, त्यांनाच खुर्चीचं अंग केलं आणि त्या खुर्चीला आईचं नाव दिलं, 'ग्रेगोरिया'. दावावच्या अ‍ॅन पामिंतुआन यांनी तारेची जाळी विणून खुर्च्या केल्या. सेबूचा व्हितो सेल्मा आहे. यांना बाजारात उभं करायला सरकारचा हातही आहे. तिथल्या व्यापार खात्याची सिटेम नावाची संस्था १९८३ पासून 'मनिला फेम' हा व्यापारमेळा भरवते. तिथे डिझाईनला वेगळी बक्षिसंही असतात. २०१९ मध्ये युनेस्कोने सेबूला डिझाईनसाठी 'सर्जनशील शहर' म्हणून घेतलं. त्याच यादीत त्याच वर्षी सिनेमासाठी आपली मुंबईही होती.

यातून धंद्याच्या भाषेत एकच ओळ काढायची. सेबूकडे वेत कालही होता, आजही आहे. फरक पडला तो खुर्चीवर स्वतःचं नाव लावायला लागल्यापासून.

प्रदर्शन म्हणजे चार शिकवण्या फुकट

आता पहिल्या तटाला उत्तर. "पोरांच्या प्रदर्शनातून धंदा होतो का?" मी म्हणतो, प्रदर्शन हाच धंद्याचा पहिला महिना समजा. त्यात पोरगं काय शिकतं बघा.

एक, कागदावरची वस्तू प्रत्यक्षात उभी राहते का हे कळतं. कागदावर बारीक दिसणारा खुर्चीचा पाय प्रत्यक्षात माणूस बसला की हलतो. हे ड्रॉइंगच्या सरांना नाही, सुताराला कळतं.

दोन, पुरवठादाराशी बोलायला शिकतात. "सर, तुमच्या फरश्या आम्हाला तीन आठवडे द्या, आम्ही तुमच्या नावाची पाटी लावतो." हे वाक्य एकवीस वर्षांच्या पोरीने पन्नाशीच्या मालकाला फोनवर म्हणायचं. मित्रांनो, मी बीबीए केलं, तीन वर्षांत मला हे एकदाही करायला लागलं नाही. दुकान टाकल्यावर पहिला फोन करताना माझा घसा कोरडा पडला होता.

तीन, तारीख पाळायला शिकतात. उद्घाटनाची तारीख पुढे जात नाही. आपल्याकडे सुतार "परवा नक्की" म्हणतो आणि आपण गिऱ्हाइकाला "परवा नक्की" म्हणतो. तिथे ते चालत नाही.

चार, अनोळखी माणूस समोर उभा राहून तोंडावर बोलतो. "छान आहे, पण माझ्या घरात मावणार नाही." मनिलात लहान फ्लॅट वीस-पंचवीस चौरस मीटरचे असतात, म्हणजे साधारण सव्वादोनशे ते पावणेतीनशे फूट. आपल्या मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. अशा घरातल्या माणसाची एक कमेंट ही शंभर पानांच्या मार्केट रिसर्चपेक्षा जास्त कामाची असते.

हे सगळं दुकान टाकण्याआधी, भाडं सुरू होण्याआधी, कर्जाचा हप्ता सुरू होण्याआधी मिळतं. म्हणून म्हटलं, सगळ्यात स्वस्त तालीम.

आता माझी चूक

हे मला फार शहाणपणाने कळलेलं नाही. नुकसान करून कळलंय.

माझं फर्निचरचं दुकान सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. वडिलांच्या वेळी दुकानात सुतार होते आणि आठवड्यातून दोनदा वेताचं विणकाम करणारे एक काका यायचे. सरकारी कचेऱ्यांतल्या त्या जुन्या जाळीच्या खुर्च्या आठवतात? काकांचं अर्धं आयुष्य त्या विणण्यात गेलं. दुकान माझ्या हातात आलं तेव्हा मी बीबीए झालेलो, डोक्यात 'स्केल' भरलेला. मी वडिलांना म्हटलं, "अण्णा, हे हाताचं काम बंद करू. रेडिमेड आणू. माल येतो, माल जातो, कटकट नाही."

कर्ज काढून एका होलसेलरकडून ट्रकभर रेडिमेड बेड आणि कपाटं आणली. फोटोत चकाचक. त्या वर्षी पाऊस जोरात झाला. भुसा दाबून केलेल्या फळ्या फुगल्या, कडेची पट्टी सुटली, कपाटांची दारं लागेनात. गिऱ्हाइकं माल घेऊन दारात उभी. होलसेलरने हात वर केले. वर्षअखेरीला हिशेब केला तर तीन लाख चाळीस हजारांचा खड्डा.

पण खरी चूक ती नाही. पैसा परत येतो. खरी चूक पुढे आहे.

त्याच वर्षी आमच्या गावातलीच एक मुलगी दुकानात आली होती. इंटिरियरचा डिप्लोमा करत होती. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी तिने एक खुर्ची बनवली होती. आपल्या शिवणीच्या लाकडाची चौकट आणि बैठकीला वेताची जाळी. जाळी विणली होती आमच्याच काकांनी. ती म्हणाली, "दादा, प्रदर्शन संपलंय. ही खुर्ची तुमच्या दुकानात कोपऱ्यात ठेवाल का? विकली गेली तर बघू, नाही तर घेऊन जाईन."

मी काय म्हटलं? "ताई, इथे हे चालत नाही. लोकांना सोफा लागतो." आणि वर हसलो. किंमत किती ठेवणार असं विचारलं तर ती म्हणाली, "साडेचार हजार." मी अजून हसलो. ती खुर्ची घेऊन निघून गेली.

दोन वर्षांनी मला अक्कल आली. एका गिऱ्हाइकाने मोबाईलवर सेबूच्या खुर्चीचा फोटो दाखवून विचारलं, "असं काही मिळेल का?" तेव्हा मी तिला फोन केला. ती पुण्यात एका शोरूममध्ये नोकरीला लागली होती, गिऱ्हाइकांना बाहेरून आलेले सोफे दाखवत होती. काकांच्या घरी गेलो तर काका म्हणाले, "आता नजर राहिली नाही रे बाबा. आणि पोराला शिकवलं नाही, कारण तूच म्हणाला होतास की या कामाला दिवस नाहीत."

हे वाक्य मला अजून टोचतं. सेबूच्या माणसाने आईच्या कारखान्यातले विणकर धरून ठेवले. मी वडिलांच्या दुकानातला विणकर सोडला. त्याच्याकडे होतं ते सगळं माझ्याकडे पण होतं, मी फक्त ओळखलं नाही.

आणि एक गंमत ऐका. शिवण, म्हणजे शास्त्रीय भाषेत ग्मेलिना, हे आपल्याकडचं झाड. फिलिपिन्समध्ये ते बाहेरून नेऊन लावलं, आणि आज तिथे फर्निचरला सर्रास वापरतात. त्यांच्या नैसर्गिक जंगलात झाडं तोडायला २०११ पासून सरकारी बंदी आहे, म्हणून लागवडीचं लाकूड, बांबू, वेत यांवर त्यांना डोकं लावावं लागलं. आपलं झाड त्यांनी वापरलं. आपण त्याच झाडाची खुर्ची दुकानात कोपऱ्यात ठेवायला तयार नव्हतो.

पण त्यांचंही सगळं बरोबर नाही

आता दुसऱ्या तटाला, म्हणजे "भारी आहे सर" वाल्यांना. थांबा जरा.

प्रदर्शनातली खोली सुंदर असते, पण एक गोष्ट तिथे बहुतेक वेळा नसते. किंमत. फरशी कंपनीने दिलेली, दिवे कंपनीने दिलेले, मजुरी मित्रांची. म्हणजे खोली उभी राहिली ती निम्मी उसन्या मालावर. पोरांना वाटतं आपण डिझाईन केलं. खरं तर डिझाईनचा अर्धा भाग अजून बाकीच आहे, तो म्हणजे ही वस्तू कोणत्या पैशात बनेल आणि कोण घेईल. मी शिकवायला जातो तिथेही हेच बघतो. पोरं रंगाबद्दल वीस मिनिटं बोलतात. किंमत विचारली की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

दुसरी गोष्ट. सेबूच्या त्या नावाजलेल्या खुर्च्या बनतात फिलिपिन्समध्ये, पण तिथल्या साध्या नोकरदाराच्या घरात त्या नसतात. त्या परदेशातल्या हॉटेलांत आणि श्रीमंतांच्या घरांत जातात. आणि साध्या माणसासाठी काय? २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मनिलाजवळ पासाय शहरात आयकिया उघडलं. सुमारे ६५ हजार चौरस मीटर, जगातलं सगळ्यात मोठं. आपल्याकडे नवी मुंबईत तुर्भ्याला आयकिया आलं ते त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये. म्हणजे दोन्ही देशांत चित्र सारखंच आहे. वर कलाकुसरीची महागडी खुर्ची, खाली पाकिटातून निघणारं स्वस्त टेबल, आणि मधली जागा रिकामी.

मित्रांनो, ही मधली जागा हाच तुमचा धंदा आहे. आयकियाशी किंमतीत लढू नका, मराल. कोबोनप्वेशी नावात लढू नका, हसू होईल. मधल्या माणसाला टिकाऊ, दुरुस्त होणारं, घरात मावणारं आणि पंधरा वर्षांनी जाळी बदलून मिळणारं काहीतरी हवं असतं. "जाळी तुटली तर आणा, आम्ही विणून देऊ" हे वाक्य कुठलाच मोठा मॉल बोलू शकत नाही. तुम्ही बोलू शकता.

तिसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात जास्त खटकते. चिठ्ठीवर डिझायनरचं नाव असतं, विणकराचं नसतं. सेबूच्या फर्निचर धंद्यात विणकामासारखं काम बाहेर, नगावर देण्याची पद्धत जुनी आहे. घरी बसून बाया-माणसं विणतात. आपल्याकडेही तेच. त्या मुलीच्या खुर्चीवर तिच्या कॉलेजचं नाव होतं, तिचं नाव होतं, काकांचं नव्हतं. काकांचं नाव असतं, एखाद्या बघणाऱ्याने "हे कोणी विणलं, मला माझ्या घरच्या खुर्च्या विणून घ्यायच्यात" म्हणून विचारलं असतं, तर काकांनी पोराला ते काम शिकवलं असतं की नाही? तुम्हीच सांगा. नाव देणं हे उपकार नाहीत. नाव ही कारागिराची जाहिरात आहे, आणि कारागीर टिकला तर तुमचा पुरवठा टिकतो.

किंमतीची चिठ्ठी कशी करायची?

आता वही घ्या. त्या मुलीची खुर्ची आजच्या अंदाजाने मांडून बघू. आकडे माझ्या भागातले आणि समजण्यापुरते आहेत, तुमच्याकडे वेगळे येतील. पण पद्धत हीच.

- लाकूड: १,४०० रुपये
- वेत: ९०० रुपये
- पॉलिश, गोंद, स्क्रू: ४५० रुपये
- वाया जाणारा माल, वरच्या बेरजेच्या १० टक्के: २७५ रुपये
- सुतार दीड दिवस, रोज १,००० प्रमाणे: १,५०० रुपये
- विणकर दोन दिवस, रोज ८०० प्रमाणे: १,६०० रुपये

बेरीज झाली ६,१२५ रुपये. म्हणजे साडेचार हजाराला विकली असती तर ती मुलगी प्रत्येक खुर्चीमागे सोळाशे रुपये खिशातून घालणार होती. मी हसलो ते चुकलंच, पण तिचा आकडाही चुकला होता. तेव्हाचे दर कमी होते हे धरलं तरी तिने स्वतःच्या आणि काकांच्या दिवसांचे पैसे धरलेच नव्हते. कॉलेजने तिला रंगसंगती शिकवली, हे शिकवलं नाही.

पुढे चला. जागा, लाईटबिल, फोन, टेम्पो यासाठी १५ टक्के धरा, म्हणजे ९१९. झाले ७,०४४. त्यावर नफा २५ टक्के, १,७६१. विक्री किंमत साधारण ८,८०० रुपये, जीएसटी वेगळा.

आता प्रश्न येतो, "सर, आठ हजार आठशेला कोण घेणार?" बरोबर प्रश्न. आणि हाच प्रश्न प्रदर्शनात विचारायचा असतो. चिठ्ठी लावा आणि बघा. दहा माणसं "महाग आहे" म्हणून गेली तर विचारा, कितीला घेतली असती? मग घरी येऊन डिझाईन बदला. पाठीची जाळी काढून फक्त बैठकीला ठेवली तर विणकराचा एक दिवस वाचतो, वेतही कमी लागतो. खुर्चीऐवजी स्टूल केला तर? चौकट एकच ठेवून दोन उंचीत केली तर? हे खरं डिझाईन. किंमत कमी करायची असेल तर वस्तूतलं काम कमी करा, माणसाची मजुरी कमी करू नका. मजुरी कापली की कारागीर पुढच्या वर्षी पेंटिंगच्या कामाला जातो आणि तुमचं डिझाईन कागदावर राहतं.

मी आता काय करतोय?

उपदेश सोपा असतो, म्हणून स्वतःचं सांगतो. गेल्या दिवाळीपासून दुकानात दर्शनी भागातला दहा बाय आठचा कोपरा मी रिकामा केला. तिथे सोफा नाही. आसपासच्या कॉलेजातल्या, आयटीआयच्या पोरांची वस्तू तिथे महिनाभर राहते. भाडं घेत नाही, विकली तर १५ टक्के घेतो. अट दोनच. चिठ्ठीवर किंमत पाहिजे, आणि बनवणाऱ्या प्रत्येकाचं नाव पाहिजे. आत्तापर्यंत अकरा वस्तू ठेवल्या, चार विकल्या गेल्या. चारच. मी आकडा फुगवून सांगत नाही. पण त्या चारपैकी एका बांबूच्या रॅकची नंतर सहा नगांची ऑर्डर आली, एका दवाखान्यासाठी.

आणि काका? नजर गेली, पण हात शाबूत आहेत. आठवड्यातून एकदा दुकानात येऊन बसतात. दोन पोरं त्यांच्याकडून जाळी शिकतायत. काका बोटांनी चाचपून सांगतात, "इथे ढिला सोडलास." मी त्यांना त्या दिवसाचा रोज देतो, मास्तर म्हणून. उशीर झालाय हे मला माहीत आहे. पण बंद होण्यापेक्षा उशीर बरा.

त्या मुलीलाही सांगितलं, तुझी खुर्ची परत बनवू. ती म्हणाली, "दादा, विचार करून सांगते." तिने लगेच हो म्हणावं असा माझा हक्क नाही. तिच्या तोंडावर हसलेलो मी आहे.

तुमचं होमवर्क

तुम्ही विद्यार्थी असाल तर पुढच्या प्रदर्शनात तुमच्या वस्तूखाली दोन ओळी लिहा, किंमत आणि बनवणाऱ्यांची नावं. कॉलेज नको म्हणालं तर सरांना हा लेख दाखवा.

तुम्ही दुकानदार असाल तर या महिन्यात एका तरी विद्यार्थी प्रदर्शनाला जा. फोटो काढायला नको, नंबर घ्यायला जा. पोरांचाही आणि त्यांच्या सुताराचाही.

आणि तुम्ही अजून काहीच सुरू केलं नसेल तर तुमच्या तालुक्यात हाताने काम करणारी किती माणसं उरलीत त्याची वहीत यादी करा. बुरूड असतील, सुतार, कुंभार, घोंगडी विणणारे, जाळी विणणारे. नाव, गाव, वय, रोज किती घेतात, शिकवायला तयार आहेत का. सेबूची सुरुवात परदेशी शिक्षणाने झाली असं लोकांना वाटतं. माझ्या मते ती आईच्या कारखान्यात कोण काय करू शकतं हे माहीत असण्यापासून झाली. ती यादी तुमच्याकडे आहे का?

यादीत किती नावं झाली ते कमेंटमध्ये लिहा. दहाच्या वर गेली तर पुढच्या लाईव्हमध्ये आपण तुमच्याच तालुक्याचं उदाहरण घेऊन बसू. वही-पेन घेऊन या, कॅल्क्युलेटर मी आणतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत.